सहावं बोट

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. कुठल्याशा मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांचा फोन थोड्या थोड्या वेळाने टिंग करतो आणि त्या जिथे असतील तिथे, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, भाजीवाल्यासमोर, स्वतःचा तळहात डोळ्यांपुढे धरून बोटं मोजतात. एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी मला मोठ्या दयेने समजावून सांगितलं. दिवसभर असं तपासत राहिलं की ती सवय झोपेतही उतरते. स्वप्नात हात पाहिला की बोटं कमीजास्त दिसतात, आपण स्वप्नात आहोत हे कळतं आणि मग स्वप्न आपल्या मुठीत येतं. "ट्राय करा ना मॅडम, लाइफ बदलतं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली, वर आले आणि चहा टाकला. ज्या मूर्खपणातून मी विशीतच बाहेर पडले होते, तो आता इतक्या गुळगुळीत वेष्टनात विकायला आला आहे हे पाहून मला हसू आलं, आणि नंतर बराच वेळ रागही येत राहिला.

आमच्याकडे ही विद्या फोनमधून आली नाही, विनायककाकांमधून आली. विनायककाका म्हणजे माझ्या शकूमावशीचे यजमान, बाबांचे थोरले साडू. उल्हासनगरला राहायचे. बँकेतून लवकर निवृत्ती घेतल्यावर माणसाने झोपावं, फिरावं, नातवंडं खेळवावीत. काकांना मात्र आपण जगाला काहीतरी देणं लागतो असं वाटायला लागलं. सायबर कॅफेत बसून त्यांनी कुठलीशी इंग्रजी पानं छापून आणली, त्यांवर चंदनाची उदबत्ती फिरवली आणि ही आपल्या ऋषींचीच विद्या आहे असं जाहीर केलं. कुठल्या ऋषींची, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारायची आमच्या घरात पद्धतही नव्हती. बाबांना नोकरी काकांच्या ओळखीने लागली होती, त्यामुळे काका आले की बाबा खुर्चीवरून उठत, आणि काका गेल्यावरही त्या खुर्चीत लगेच बसत नसत.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराच्या रस्त्याला राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि एक गॅलरी, जिच्यात आईची तुळस आणि बाबांचे कारखान्यातले बूट शेजारी शेजारी असत. सोमवारी सकाळपासून देवळाच्या घंटा वाजायच्या, बेलाची पानं विकणाऱ्या बायकांची आपसातली भांडणं ऐकू यायची. त्यातच कारखान्याचा भोंगा झाला की आई कुकर उतरवायची. बाबा रंगाच्या कारखान्यात तपासणीचे अधिकारी होते. तयार झालेल्या रंगाचं पिंप बघून, हा माल जाईल किंवा जाणार नाही, हे सांगायचं त्यांचं काम. तिथे म्हणे त्यांचा शब्द शेवटचा असायचा. घरी हाच माणूस ताटावर बसून आमटी वाढून घ्यावी की भात संपवावा याचा निर्णय आईच्या तोंडाकडे पाहून घ्यायचा. नखांच्या कडांना कायम निळा रंग, बोलणं इतकं हळू की शेजारचा मिक्सर सुरू झाला की वाक्य तिथेच संपायचं. मला त्यांची चीड यायची. आज लिहिते आहे म्हणून ती मऊ करून सांगत नाही.

मला दगड आवडायचे. देवळाच्या काळ्या भिंतींना पाठ लावून मी कॉलेजचा अभ्यास केला, आणि त्या दगडातली बारीक भोकं कशी झाली असतील या विचारात परीक्षाही दिल्या. पदवी चांगल्या गुणांनी मिळाली. पुण्याला भूगर्भशास्त्राच्या पुढच्या वर्गाच्या यादीत माझं नाव लागलं. वसतिगृह होतं, सोबत जाणारी मैत्रीण होती, प्रवेश घ्यायला काही महिन्यांचा अवधीही होता. मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "काकांना विचारू." मी आईला विचारलं. आई म्हणाली, "बाबांनी सांगितलं ना, काकांना विचारू म्हणून?" मग सगळे मिळून साबुदाणावडे घेऊन काकांकडे विचारायला गेलो.

काकांनी डोळे मिटून चार वडे खाल्ले आणि निकाल दिला. "जयंतराव, हा निर्णय ना तुमचा, ना माझा. पोरीच्या अंतर्मनाचा आहे. तिला माझ्या वर्गाला पाठवा. ती स्वप्नात जागी झाली की समोर जो पहिला माणूस दिसेल त्याला विचारेल, जाऊ का? तो म्हणेल ते उत्तर. ते मग कुणी फिरवायचं नाही."

"वा," बाबा म्हणाले. मला वाटतं त्यांना मनापासून बरं वाटलं. आपल्या मुलीचं काय करायचं हे आता स्वप्नातला कुणीतरी अनोळखी गृहस्थ ठरवणार होता.

अशी मी रविवारच्या वर्गाला जाऊ लागले. उल्हासनगरात लछमणदास अंकलचा जीन्स शिवायचा कारखाना होता, त्याच्या वरच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. खिडक्यांना जाड जीन्सचेच पडदे. खालच्या मशिनींना रविवार ठाऊक नव्हता. आम्ही शवासनात पडलेलो असायचो आणि पाठीखालची फरशी थरथरत असायची. काका माइकवरून सांगायचे, "शांतता अनुभवा." पंधरा-वीस माणसं ती अनुभवायची. मी आढ्याकडे बघत पडायचे.

काकांच्या खुणा होत्या पाच. स्वप्नात आहोत का हे तपासायचं तर हाताची बोटं मोजायची, दोनदा. स्वप्नात असलात तर दुसऱ्या खेपेला सहावं सापडेल. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघायचा. गेला तर स्वप्न. घड्याळ दोनदा पाहायचं, पाटी दोनदा वाचायची. बदलली तर स्वप्न. आणि दिव्याचं बटण दाबायचं, कारण स्वप्नात म्हणे दिवा लागत नाही. ही विद्या ज्या कुणी शोधली तो आमच्या भागात एक दिवसही राहिला नसणार. आमच्याकडे घड्याळ बाबांनी मुद्दाम पुढे लावलेलं, आईचं मागे, आणि भोंगा या दोघांनाही न जुमानणारा. उल्हासनगरात एकाच दुकानाची पाटी उजवीकडून वाचली तर एक नाव आणि डावीकडून वाचली तर दुसरंच. नाल्यावरच्या पुलावर तर अख्खं गाव नाक चिमटीत धरून चाललेलं असायचं. त्यांतले कोण विद्यार्थी आणि कोण पादचारी हे ओळखण्याची सोय नव्हती. राहता राहिलं दिव्याचं बटण. ते लोडशेडिंगचे दिवस होते. काकांच्या हिशोबाने अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर रोज अर्धा दिवस स्वप्नातच असायचं.

हे मी एकदा वर्गात बोलून दाखवलं. काका हसले. "वृंदाबाळाची बुद्धी आड येते," ते सगळ्यांना म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे कणवेने पाहिलं.

तरी मी सगळं केलं. हे सांगताना मला लाज वाटत नाही, कारण मला पुण्याला जायचं होतं आणि दार एकच ठेवलं होतं. उठताबसता बोटं मोजली. आईला वाटलं मला भक्ती सुचली, कारण आमच्याकडे सकाळी उठल्यावर तळहात पाहून श्लोक म्हणायची पद्धत होती आणि मी तो आजवर कधी म्हटला नव्हता. तिने शेजारी सांगितलं, शेजारणीने देवळापाशी सांगितलं, आणि बेलवाल्या बायका मला पानं फुकट द्यायला लागल्या. बाबाही माझ्याबरोबर वर्गाला यायचे. त्यांनी तर ती बोटं इतकी मनावर घेतली की जेवताना, पेपर वाचताना, काका बोलत असताना, त्यांचा अंगठा बोटांवरून फिरतच असायचा. करंगळीपासून सुरू, तर्जनीला येऊन थांबायचा, मग स्वतःला मोजून पुन्हा करंगळी. निळ्या नखांचा तो हात बघितला की माझं डोकं फिरायचं.

स्वप्नं मला पडायची ती अशी : दळण आणायचं राहिलंय, गिरणी बंद आहे. पाणी भरायचं राहिलंय. एकदा एक दगड हातात होता आणि त्याचं नाव आठवत नव्हतं. एकाही स्वप्नात मला हात पाहायची बुद्धी झाली नाही. वर्गातले बाकीचे मात्र दर रविवारी काय काय करून यायचे. सगळे उडायचे. कुणी बारवी धरणावरून उडायचं, कुणी हिमालयावरून. लछमणदास अंकल म्हणायचे, "साहब, मैं तो कल सीधा दुबई गया, ऊपर ऊपर से. पासपोर्ट का झंझटच नाय." एक बाई रोज आकाशात जाऊन सासूला माफ करून यायच्या, सासू खाली उल्हासनगरातच होती, तिच्याशी त्या बोलत नव्हत्या. काका प्रत्येकाला म्हणायचे, "उत्तम प्रगती." फक्त सोनिवलीचे गणपतदादा खरं बोलायचे. त्यांच्या शेताशेजारी नव्या इमारतींचं काम निघालं होतं, मशिनींच्या आवाजाने त्यांची झोप उडाली होती आणि कुणीतरी त्यांना इथे झोप शिकवतात असं सांगितलं होतं. "मना सपान नको," ते म्हणायचे, "झोप पायजे." आणि शवासन सुरू झालं की दोन मिनिटांत घोरायचे. काकांनी त्यांना मागच्या रांगेत बसवलं होतं.

मी उडाले असं सांगितलं असतं तर काम झालं असतं, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मैत्रिणीने तसं सुचवलंही. खोटं बोलायला माझी ना नव्हती. त्या उडणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसायला होती.

प्रवेशाची मुदत संपायला एक दिवस उरला तो नेमका वर्गाचा वर्धापनदिन होता. हॉलला झेंडूच्या माळा, खाली लछमणदास अंकलकडून दाल-पकवानाचे ट्रे, त्याचा तळणीचा वास जिन्यात भरलेला. आई आणि शकूमावशी एकसारख्या रंगाच्या साड्या नेसून आल्या होत्या. बाबा पहिल्या रांगेत. काकांनी मला जिन्यात गाठलं. त्यांच्या हातात अर्धा पकवान होता.

"आज तू सांगायचंस," ते म्हणाले.

"काय सांगू? मला अजून काही दिसलेलं नाही."

"दिसेल तेव्हा दिसेल गं. लोक मुद्दाम आले आहेत. सांग, स्वप्नात एक तेजस्वी पुरुष भेटला, तो म्हणाला, इथेच थांब, इथेच तुझं कार्य आहे. आपण अंबरनाथला शाखा काढतोय. तुझ्यासारखी शिकलेली मुलगी समोर बसली की वजन पडतं. पुण्यात दगड फोडून काय मिळणार आहे तुला?" मग पकवानाचा तुकडा मोडून तो मला देऊ करत ते म्हणाले, "आणि हे बघ बाळ, तुझ्या बाबांना काय, मी सांगेन ते पटतं."

शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणूनच ते मला झोंबलं. मी पकवान घेतला नाही. वर गेले.

स्टेजवर काकांचा जागृतीदीप ठेवलेला होता. म्हणजे एका फळीवर एक बल्ब आणि एक बटण. प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला ते बटण दाबायचे, बल्ब लागायचा, ते म्हणायचे, "आपण जागे आहोत," आणि माणसं टाळ्या वाजवायची. बल्ब लागल्याबद्दल टाळ्या वाजवणारी माणसं मी त्यानंतर कुठे पाहिली नाहीत. पडदे ओढून हॉल अंधारा केला होता. काकांनी माइकवरून माझं नाव घेतलं, शिकलेली आहे, विज्ञानाची आहे, असं सगळं सांगितलं, आणि मला म्हणाले, "आधी दीप लाव, वृंदा."

मी स्टेजची पायरी चढत होते तेव्हा खालच्या मशिनी थांबल्या. सगळ्या एकदम. पायाखालची थरथर गेली. वरचा पंखा फिरता फिरता मंदावला. मला कळलं काय झालंय; हॉलमध्ये ज्याला कान होते त्या प्रत्येकाला कळलं. मी पुढे जाऊन बटण दाबलं. बल्ब लागला नाही. मी पुन्हा दाबलं, कारण प्रत्येक खूण दोनदा तपासायची असते असं काकांनीच शिकवलं होतं. मागून कुणीतरी उजेडासाठी एक पडदा बाजूला केला आणि उन्हाचा पट्टा थेट पहिल्या रांगेत, बाबांच्या अंगावर पडला.

तोवर माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. पण त्या उजेडात ते हात मांडीवर ठेवून बसलेले दिसले आणि इतक्या महिन्यांचा सगळा संताप एका जागी गोळा झाला. माइक बंद होता, म्हणून मी मोठ्याने बोलले.

"काका, बटण दाबलं. दिवा लागला नाही. तुम्ही शिकवलंत, असं झालं की आपण स्वप्नात आहोत. समोर पहिला माणूस दिसेल त्याला विचारायचं होतं ना? विचारते." मी बाबांकडे वळले. "बाबा, मी पुण्याला जाऊ का?"

काका हसले. "अगं, हे स्वप्न नाही. लाइट गेलीय."

"दिवा लागत नाही म्हणजे स्वप्न, हे चूक आहे का मग?"

"चूक नाही. पण हे लोडशेडिंग आहे."

"ते कशावरून ओळखायचं?"

लछमणदास अंकल काकांकडे वळून म्हणाले, "सवाल तो बराबर है, साहब." मागच्या रांगेत गणपतदादा जागे झाले होते, कारण मशिनींचा आवाज थांबला होता. बाकीची उडणारी मंडळी एकदा काकांकडे, एकदा बल्बकडे बघत होती. काका पुढे झाले आणि बाबांना म्हणाले, "जयंतराव, उत्तर देऊ नका. पोरगी वेड्यासारखं करतेय. तुम्ही काही बोलू नका."

बाबा उत्तर देणार नाहीत याची मला खात्री होती. या माणसाने आयुष्यात साडूच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहत होते ते निव्वळ तुच्छतेने. आता आणखी किती वाकता ते तरी दिसू दे, असं. ते खाली बघत होते. उन्हाच्या पट्ट्यात त्यांचा अंगठा बोटांवरून फिरत होता, करंगळी, अनामिका, पुन्हा तेच. इथेही मोजताहेत, मला वाटलं, मुलगी हातची चालली आणि हे बोटं मोजताहेत.

मग त्यांनी मान वर केली. "जा," ते म्हणाले.

इतकं हळू म्हणाले की मशिनी चालू असत्या तर कुणालाही ऐकू गेलं नसतं. त्या क्षणी ते सगळ्या हॉलने ऐकलं. आईने पदर तोंडाला लावला. गणपतदादांनी मागून विचारलं, "काय म्हनला?" आणि लछमणदास अंकलनी त्यांना सांगितलं, "बोला, जा."

काकांनी तेवढ्यातही सावरून घेतलं. त्यांची ती हातोटी होती. ते म्हणाले, बघा, आमचे जयंतराव किती पुढे गेले आहेत. लोडशेडिंगलाही ते स्वप्न समजले. साधना इतकी मुरली की जागेपणीही स्वप्नातच बोलले. टाळ्या पडल्या. खरोखर पडल्या. नंतर घरी येऊन काका दोन तास बसले आणि स्वप्नात दिलेला शब्द बांधील नसतो हे बाबांना समजावत राहिले. बाबांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. काका गेल्यावर त्यांनी माळ्यावरून बॅग काढली आणि फडक्याने पुसून दारापाशी ठेवली. आईने चिवडा केला. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेले आणि प्रवेश घेतला.

पुढे नातेवाइकांत ही गोष्ट पसरली. साध्या भोळ्या जयंतरावांना लाइट गेली की स्वप्न वाटतं, असं म्हणून लग्नाकार्यात लोक बटणं दाबून दाखवायचे. बाबा त्यांच्याबरोबर हसायचे. मीही ते तसंच धरून चालले. बापाच्या तोंडून आपल्यासाठी एक होकार निघाला, तोही त्याला आपण स्वप्नात आहोत असं वाटलं म्हणून, हे मनात ठेवून मी शिकले, नोकरी केली, डोंगर पालथे घातले. सुट्टीत घरी आले की त्यांच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे फारसं नसायचं. काकांचा वर्ग पुढे बंद पडला. मग ते वास्तू बघायला लागले आणि सुखात गेले.

निवृत्तीनंतर आईबाबा बदलापुरात सोनिवलीला राहायला गेले, त्याच नव्या इमारतींपैकी एकीत, ज्यांनी गणपतदादांची झोप घालवली होती. गेल्या श्रावणात मी तिथे होते. आई देवळात गेली होती. बाबा बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते, भिजलेले, मोड आलेले. नखांचा निळा रंग कधीच गेला आहे. हात थोडे थरथरतात. मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची हकीकत त्यांना सांगितली, टिंग करणाऱ्या फोनसकट. ते हसले. लाइट गेली आणि पंखा थांबला. बोलायला काहीतरी म्हणून मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्हाला खरंच स्वप्न वाटलं होतं?"

त्यांनी हातातला वाल सोलून वाडग्यात टाकला. दुसरा घेतला.

"पाच होती गं," ते म्हणाले. "दोनदा मोजली मी."